नवा को-पायलट: पगार, बाँड आणि भाड्याची खोली

विमान कंपन्यांत नव्याने लागलेल्या पायलटांच्या पगाराबद्दल आणि राहणीबद्दल बरीच पत्रं आली. जास्त पत्रं आईवडिलांची, थोडी खुद्द को-पायलटांची. ज्यांच्या उत्तराचा इतरांनाही उपयोग होईल असे प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

मुलगा आठ महिन्यांपूर्वी एका विमान कंपनीत ट्रेनी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे शिकाऊ को-पायलट म्हणून लागला. नातेवाइकांना वाटतं, पाच-सात लाख महिना मिळत असेल. प्रत्यक्षात अजून स्टायपेंडच चालू आहे. त्याचे सिनियर म्हणतात, पूर्वी एवढं वाईट नव्हतं. खरं काय समजायचं? (एक वडील, ठाणे)

नातेवाइकांच्या कानावर असलेला आकडा ज्येष्ठ कॅप्टनचा आहे. एअर इंडियाने एप्रिल २०२३ मध्ये नवी वेतनरचना आणली, तेव्हा ट्रेनीचा मासिक आकडा ५० हजार आणि सर्वांत वरच्या कॅप्टनचा साडेआठ लाख होता. एकाच गणवेशातल्या दोन टोकांमध्ये सतरा पटींचं अंतर. जाहिरातीत मात्र वरचं टोकच छापलं जातं.

आता तुमच्या मुलाचं. नोकरीत रुजू झाल्यापासून पूर्ण पगार सुरू होईपर्यंत बरेच टप्पे असतात: वर्गातलं प्रशिक्षण, सिम्युलेटरवर टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता), खऱ्या विमानावर टेक-ऑफ आणि लँडिंगचा सराव, मग कॉकपिटमधल्या मागच्या सीटवर बसून निरीक्षण, मग ट्रेनिंग कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रवासी उड्डाणं आणि शेवटी लाइन रिलीजची, म्हणजे देखरेखीशिवाय नियमित उड्डाणांवर सोडण्याची, तपासणी. ही तपासणी पार पडेपर्यंत स्टायपेंड. कागदावर हा प्रवास काही महिन्यांचा दिसतो. पण सिम्युलेटरचा स्लॉट मिळत नाही, ट्रेनिंग कॅप्टन कमी पडतात, विमानंच जमिनीवर असतात, आणि रखडलेला प्रत्येक महिना पायलटच्या खिशातून जातो. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी या कंपनीच्या जीटीएफ इंजिनांचे भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनतात तिच्यात दोष निघाला आणि इंडिगोची सत्तरहून अधिक विमानं उभी राहिली. पायलट घेतलेले, विमानं मात्र नाहीत, अशा वेळी उड्डाणाचे तास आधी नवख्यांचे कमी होतात.

सिनियर म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि त्याचं मूळ ‘हमीच्या तासां’त आहे. पायलटच्या पगारात ठरलेली रक्कम थोडी आणि उड्डाणभत्ता मोठा असतो. महिन्यात उड्डाण कमी झालं तरी ठरावीक तासांचा भत्ता द्यायचाच, अशी हमी असते. एअर इंडियाने २०२३ मध्ये ही हमी ७० तासांवरून ४० वर आणली. इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन या दोन्ही संघटनांनी या कपातीला विरोध केला. पुढच्याच वर्षी, एअर इंडियात विलीन होण्याच्या तोंडावर, विस्तारा या विमान कंपनीत ४० तासांचीच रचना आली. सर्वांत मोठा फटका फर्स्ट ऑफिसरना बसणार होता, आणि एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला पायलटांअभावी विस्ताराची उड्डाणं रद्द होऊ लागली.

हिशेब करून बघा. तासाचा दर २,००० रुपये धरू. हा दर निव्वळ उदाहरणासाठी. मुलाच्या पत्रात असेल तो घाला. महिन्यात ७५ तास उड्डाण झालं तर जुन्या आणि नव्या दोन्ही रचनेत दीड लाखच मिळतात. पण उड्डाण ३५ तासच झालं, तर ७० च्या हमीने १ लाख ४० हजार आणि ४० च्या हमीने ८० हजार. फरक ६० हजारांचा. म्हणजे विमान उभं राहिलं, मुलगा आजारी पडला, सिम्युलेटरचा आठवडा आला किंवा रजा घेतली, तर पूर्वी तो धोका कंपनी उचलायची. आता त्याचा मोठा हिस्सा पायलटवर आला आहे. ‘कमाल एवढं कमावू शकता’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. विचारायचं ते किमान किती मिळेल हे.

मुलाकडून नेमणूकपत्र घ्या आणि चार गोष्टी शोधा: हमीचे तास किती, ती हमी लाइन रिलीजनंतर लागू होते की आधी, रजेच्या व वैद्यकीय कारणाने घरी बसलेल्या दिवसांत ती दिवसांच्या प्रमाणात कापली जाते का, आणि डेडहेडचा, म्हणजे ड्युटीसाठी प्रवासी म्हणून केलेल्या प्रवासाचा, दर काय. शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण मुंबई बेसच्या, म्हणजे मुंबईतून काम करणाऱ्या, माणसाला वारंवार दिल्लीहून उड्डाण लावलं, तर महिन्याचे कितीतरी तास त्यातच जातात.

विश्रांतीचे नवे नियम आले म्हणजे पायलटांचं भलं झालं असं वाटलं होतं. पण माझी को-पायलट भाची म्हणते की नियमांमुळे पगार घटेल. हे कसं? (एक वाचक, पुणे)

डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजायची ठरली आणि रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांनी वेळ मागितला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अंमलबजावणी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील एवढे पायलट रोस्टरवर नव्हते. तेव्हा तिला रात्रीच्या नियमांत तात्पुरती सवलतही मिळाली.

भाचीची शंका बरोबर आहे. भत्ता तासांवर असला की विश्रांती वाढली म्हणजे तास घटले, आणि तास घटले म्हणजे पैसे घटले. पण यात दोष विश्रांतीच्या नियमाचा नाही. थकलेल्या माणसाने जास्त उडावं यातच त्याचा फायदा, अशी वेतनरचना मुळात चुकीची आहे. पुरेशी हमी असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता. भाचीला एक सांगा: थकवा जाणवत असेल तर थकवा अहवाल लेखी द्यावा, तोंडी नको. त्यात ड्युटीचे क्रमांक, आदल्या ७२ तासांतली झोप आणि पिक-अपची वेळ असावी. नुसतं ‘बरं वाटत नाही’ असं कळवलं की त्याची नोंद आजारपणात होते आणि रोस्टरमधला दोष कागदावर येतच नाही.

विमानतळाजवळ मरोळला तिघं मिळून राहतो. सगळेच ज्युनियर फर्स्ट ऑफिसर. पहाटे तीनला एकाचा अलार्म, रात्री एकला दुसरा परत. झोप होत नाही आणि पैसेही उरत नाहीत. थोडं लांब स्वस्त घर घ्यावं का? (एक को-पायलट, मुंबई)

घाई करू नका. आधी तुमच्या दिवसाचे तास मांडून बघा. समजा रोस्टरला मुंबई-गोवा-मुंबई-इंदूर-मुंबई आहे आणि रिपोर्टिंग पहाटे ५ ला. चार उड्डाणांचा ब्लॉक टाइम, म्हणजे विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ, साधारण ५ तास २० मिनिटं. पैसे याचेच. मधले तीन टर्नअराउंड, म्हणजे दोन उड्डाणांमधले जमिनीवरचे थांबे, ४० मिनिटांचे धरले तर २ तास, रिपोर्टिंगचा १ तास, नंतरचा अर्धा तास. ड्युटी झाली ८ तास ५० मिनिटांची, सुटका दुपारी १.५० ला. मरोळहून हे निभतं. ठाण्याच्या पलीकडे गेलात तर पिक-अप पावणेचारला, दुपारी घरी पोहोचायला तीन-सव्वातीन. घराबाहेरचे साडेअकरा तास आणि भत्ता पाच तास वीस मिनिटांचा. असे १५ दिवस झाले की ८० तास भत्ता मिळतो, पण घराबाहेर पावणेदोनशे तासांच्या आसपास जातात. भाड्यात वाचलेले पाच-सहा हजार झोपेतून वसूल होतात.

कंपनीची गाडी ठरावीक हद्दीपर्यंतच येते. हद्दीपलीकडचं घर घेतलं तर पहाटेची टॅक्सी तुमच्या खर्चाने. म्हणून घर बघण्याआधी वाहतूक विभागाकडून हद्दीचा नकाशा किंवा पिनकोडची यादी घ्या. दुसरं, नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तुमची उड्डाणं तिकडे वळणार असतील तर मरोळचा ११ महिन्यांचा करार अडचणीचा ठरेल. करारात लॉक-इन तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि बेस बदलल्यास एका महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल असं कलम घाला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. ‘बॅचलर आहात, नोंदणी कशाला’ म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा.

पैशांचं म्हणाल तर दोन बेडरूमचं भाडं ६० हजार, तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि एका महिन्याची दलाली धरली, तर आत शिरतानाच २ लाख ४० हजार जातात, डोई ८० हजार. रुजू होणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी ही रक्कम आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा. पहिलं स्टायपेंड बहुधा उशिरा पडतं.

झोपेसाठी: पहाटेच्या ड्युट्या आणि रात्रीच्या ड्युट्या करणारे एका खोलीत झोपू नका. पुढच्या पंधरवड्याचं रोस्टर लागलं की खोल्यांची अदलाबदल करा. खिडकीला साधा गडद पडदा पुरत नाही. चौकटीला सर्व बाजूंनी वेल्क्रोने चिकटणारं काळं अस्तर लावा. डबा लावणार असाल तर दुपारचा लावू नका, त्या वेळी तुम्ही बहुतेक विमानात असता. पहाटेच्या ड्युटीआधी पोटात काही नसलं की तिसऱ्या उड्डाणाला हात थरथरतात. भिजवलेले शेंगदाणे, केळं, थालीपीठ असं काहीतरी बॅगेत असू द्या.

नेमणुकीसोबत पाच वर्षांचा बाँड, मूळ प्रमाणपत्रं आणि तारीख न टाकलेले चेक मागितले आहेत. वकील म्हणतात बाँड बेकायदा असतो, बिनधास्त सही करा. करावी का? (एक वडील, नागपूर)

बिनधास्त मुळीच नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारे करार रद्द ठरवतं हे खरं, पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये हा बाँड वैध धरला. नोकरी चालू असतानाचं बंधन कलम २७ मध्ये बसत नाही, अशी ती भूमिका. तेव्हा बाँड टिकू शकतो. वाद होतो तो रकमेवर. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई.

सही करण्यापूर्वी लेखी मागा: रक्कम कशाची, टाइप रेटिंगचा प्रत्यक्ष खर्च किती, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षागणिक ती किती उतरते. टाइप रेटिंगचे पैसे मुलानेच भरले असतील, तर कंपनीने नेमका कशावर खर्च केला, हे विचारायलाच हवं. पाच वर्षं कधीपासून मोजायची तेही बघा. ‘लाइन रिलीजपासून’ असं असेल तर रखडलेलं प्रशिक्षण बाँडची मुदतही लांबवतं. कंपनीने काढून टाकलं, कंपनी बंद पडली किंवा वैद्यकीय पात्रता गेली तर बाँड सुटतो, हे स्पष्ट शब्दांत हवं. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, तेव्हा माणसं रातोरात बिनपगारी झाली. तशा वेळी असं कलम नसणं महागात पडतं.

मूळ प्रमाणपत्रं देऊ नका. पडताळणीला दाखवा, साक्षांकित प्रती द्या. तारीख न टाकलेला चेक तर नकोच. तो न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होते आणि मग बाँडचा वाद बाजूलाच राहतो. अगदीच अडून बसले तर चेकवर तारीख, रक्कम आणि पाठीमागे ‘अमुक बाँडपोटी सुरक्षा’ असं लिहा आणि देताना पोच घ्या.

बाँडहून वेगळी एक अट आहे. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते. कंपनीने ना-हरकत दिली तरच ती कमी होते. बाँडची रक्कम भरली म्हणून ही नोटीस टळत नाही. पुष्कळ मुलं इथे चुकतात: पुढच्या कंपनीला महिन्याभराची तारीख देऊन बसतात.

मुलगी बारावी सायन्स. सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी, ५० लाखांचं कर्ज घर तारण ठेवून काढायचं आहे. प्रशिक्षण संस्था म्हणते, नोकरी लागली की दोन वर्षांत फिटेल. (एक आई, सांगली)

दोन वर्षांत फिटणार नाही. ५० लाख, ११ टक्के व्याज, शिक्षण आणि नोकरीचा शोध मिळून तीन वर्षं हप्ता नाही असं धरा. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली तर या तीन वर्षांचं सरळ व्याजच साडेसोळा लाख होतं. ते मुद्दलात मिळवलं की साडेसहासष्ट लाख. दहा वर्षांचा हप्ता साधारण ९१,६०० रुपये. पंधरा वर्षांचा ७५,६००, पण मग एकूण परतफेड १ कोटी ३६ लाखांवर जाते. वर दिलेले स्टायपेंडचे आणि हमीचे आकडे या हप्त्याशेजारी ठेवून बघा. त्यातून मुंबई-दिल्लीचं भाडंही जायचं आहे. आणि या ५० लाखांत टाइप रेटिंग नाही. त्याला आणखी १५ ते २५ लाख लागू शकतात.

तरीही करायचं असेल, तर क्रम असा ठेवा. कुठेही एक रुपया भरण्याआधी मुलीचं मेडिकल करून घ्या, क्लास २ (प्राथमिक) आणि लगेच क्लास १ (व्यावसायिक परवान्यासाठीचं). फी भरल्यावर डोळ्यांचा किंवा हृदयाचा दोष निघणं ही टाळता येण्यासारखी आपत्ती आहे. मग डीजीसीएचे लेखी पेपर, प्रत्येकी ७० टक्क्यांना पास. या पेपरांची तयारी घरी राहून, नोकरी किंवा पदवी सांभाळून करता येते. ते निघाले की मगच उड्डाणाचे पैसे.

सीपीएलला २०० तास लागतात. ते सव्वा वर्षात होतील असं सांगितलं जातं आणि पुष्कळदा अडीच वर्षं लागतात: शिकाऊ विमानं दुरुस्तीत, प्रशिक्षक सोडून गेलेले, पावसाळ्यात ढग खाली, हिवाळ्यात धुकं. संस्थेला भेट द्याल तेव्हा कार्यालयात बसू नका, हँगरवर जा. आज किती विमानं उडाली, किती विद्यार्थी आहेत आणि गेल्या महिन्यात एकेका विद्यार्थ्याचे किती तास झाले, हे मुलांनाच विचारा. गोंदिया, बारामती, धुळे, सगळीकडे हेच करा. डीजीसीए २०२५ पासून या संस्थांना श्रेणी देते. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. फी एकरकमी न देता ४०-५० तासांच्या टप्प्यांनी भरा आणि कर्जही तसंच उचला. न उचललेल्या रकमेवर व्याज नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली घेतली तरच.

राहतं घर एकमेव असेल तर ते तारण ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सीपीएल होऊन दोन वर्षं झाली, नोकरी नाही. काय चालू ठेवावं? (एक वाचक, कोल्हापूर)

इन्स्ट्रुमेंट रेटिंग (नुसत्या उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) आणि क्लास १ मेडिकल, दोन्ही दरवर्षी. यातलं एक जरी संपलं तरी भरतीच्या अर्जात तुम्ही मागे पडता. स्वखर्चाने टाइप रेटिंग मात्र नोकरीच्या लेखी पत्राशिवाय करू नका. तेही दरवर्षी सिम्युलेटरवर ताजं ठेवावं लागतं आणि कंपनीने दुसरं विमान घेतलं तर पैसे वाया. त्याऐवजी प्रशिक्षकाचं रेटिंग घ्या. पगार बेताचा, पण तास वाढतात आणि हात चालू राहतो.

अमेरिकेत म्हणे नवख्यांना भरपूर पगार आहे. तिकडे जावं का? (एक विद्यार्थी, नाशिक)

तिथेही आधी हालच होते. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत समोर आलं की त्यातल्या को-पायलटचा वर्षाचा पगार २५ हजार डॉलरही नव्हता आणि ती आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून दुसऱ्या विमानांत बसून नेवार्कला ड्युटीवर आली होती. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १,५०० तासांची अट लागली. पायलट कमी पडू लागले तसे पगार वाढले. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या छोट्या उपकंपन्यांनी नवख्याला तासाला ९० डॉलरपर्यंत दर दिला. पण तिथे नोकरीचा कायदेशीर हक्क असल्याशिवाय या दराचा तुम्हाला उपयोग नाही, आणि नुसता विद्यार्थी व्हिसा तो हक्क देत नाही. तिथे शिकून भारतात परत आलात तर परवान्याचं रूपांतर, त्यासाठीच्या डीजीसीएच्या परीक्षा आणि त्यात जाणारे महिने, हे सगळं आधीच हिशेबात धरा.

आजारपणामुळे लायसन्स गेलं तर विमा मिळतो का? (एक को-पायलट, वसई)

मिळतो, पण ‘कायमस्वरूपी अपात्र’ ठरल्यावर. को-पायलटांना जास्त गाठतं ते ‘तात्पुरतं अपात्र’: पाठदुखी, रक्तदाब, गुडघ्याची शस्त्रक्रिया. तेव्हा उड्डाणभत्ता बंद होतो आणि कर्जाचा हप्ता चालूच राहतो. कंपनीच्या गटविम्यात तात्पुरत्या अपात्रतेसाठी दरमहा रक्कम आहे का, ती कितव्या दिवसापासून मिळते आणि ट्रेनी असताना लागू होते का, हे एचआरला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. नसेल तर विम्याची रक्कम कर्जाच्या शिल्लक मुद्दलाएवढी तरी घ्या, आणि पॉलिसी घेताना जुनं दुखणं लपवू नका. दावा फेटाळण्याचं ते नेहमीचं कारण आहे.